'यस' म्हणण्याआधी: एका प्रश्नाचा इतिहास

मागच्या महिन्यात माझं प्रगती-सादरीकरण झालं. पीएचडी करणाऱ्यांना हा प्रकार सांगायला नको: वीस मिनिटं आपण बोलायचं, मग दहा मिनिटं खाली मान घालून ऐकायचं. माझा विषय आहे दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याचा इतिहास. बोलता बोलता मी सांगून टाकलं, की माझ्या मुलाखतींची सगळी ध्वनिमुद्रणं विभागाच्या एका व्हर्च्युअल मशीनवर ठेवली आहेत, तिथे मी फक्त एसएसएचने जाते, त्यामुळे ती सुरक्षित आहेत.

समितीतल्या एका मॅडमनी विचारलं, "त्या मशीनला पहिल्यांदा जोडलंस तेव्हा स्क्रीनवर एक प्रश्न आला असेल. काय उत्तर दिलंस?"

"यस," मी म्हणाले.

"कशावरून?"

मी गप्प. कारण खरं उत्तर होतं: कशावरूनच नाही. सगळे यस म्हणतात म्हणून मीही म्हणाले.

तुम्ही कधी एसएसएच वापरलं असेल तर हा प्रश्न पाहिला असेल. त्याचा आशय असा: समोरच्या यंत्राची खात्री पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा हा असा आहे, तरीही पुढे जायचं का? ठसा म्हणजे त्रेचाळीस अक्षरांची एक निरर्थक दिसणारी ओळ. ती वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

माझ्या बाबतीत प्रश्न नुसता तांत्रिक नाही. ज्या जुन्या सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मंडळींच्या मी मुलाखती घेतल्या, त्यांतल्या बऱ्याच जणांनी "नाव कुठे येता कामा नये" या अटीवर तोंड उघडलं. मी शब्द दिला. तो शब्द पाळला जाणार की नाही, हे त्या एका 'यस'वर टांगलेलं होतं. म्हणून आजची पोस्ट त्या प्रश्नावरच. तो आला कुठून, अजून तिथेच का आहे, आणि व्हर्च्युअल मशीनच्या काळात तो अधिक अवघड का झाला?

एल, ओ, आणि ठप्प

दूरच्या संगणकावर लॉगिन करणं ही नेटवर्कची पुढे सुचलेली सोय आहे, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते नेटवर्कचं पहिलंच काम होतं. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संगणकावर 'लॉगिन' हा शब्द टाइप करू लागला. एल गेलं, ओ गेलं आणि समोरची यंत्रणा बंद पडली. थोड्या वेळाने जमलं. पण आर्पानेटवरून गेलेला पहिला संदेश म्हणजे अर्धवट राहिलेलं लॉगिनच.

व्हर्च्युअल मशीनही तितकीच जुनी. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या केंद्रात १९६० च्या दशकात सीपी-४० आणि मग सीपी-६७ या यंत्रणा तयार झाल्या आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आली. एकाच मोठ्या संगणकावर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःचा स्वतंत्र संगणक असल्याचा भास करून द्यायचा, ही कल्पना. पण तिथे बसणाऱ्याला "मी नेमका कुठल्या यंत्राशी बोलतोय?" हा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं. टर्मिनलची तार किंवा टेलिफोनची लाइन ठरलेल्या यंत्राकडेच जायची. ओळख तारेतच होती.

नेटवर्क आलं आणि ही तारेतली ओळख गेली. टेलनेटची आज ओळखीची असलेली व्याख्या मे १९८३ ची. टेलनेटमध्ये तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर, पासवर्डसुद्धा, जसंच्या तसं वाटेतल्या सगळ्या यंत्रांमधून जायचं. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहून पाठवण्यातलाच प्रकार. त्याच वर्षी बर्कलीच्या युनिक्सबरोबर आरलॉगिन आणि आरएसएच आले. त्यांत ओळखीच्या यंत्रांची यादी करून ठेवली की पासवर्डही लागायचा नाही. अमुक पत्त्यावरून आलाय ना, मग आपलाच माणूस, या आत ये.

आज हे वाचून हसू येतं, पण ते वेडेपण नव्हतं. यंत्रं थोडी होती, ती सांभाळणारी माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती. गावात दाराला कडी न लावण्यासारखंच ते. गाव मोठं झालं तरी कडी लावली नाही, चूक तिथे झाली.

इशारे मिळत होते. पत्त्याची बतावणी करून आरएसएचला फसवता येईल, हे रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने १९८५ मध्येच लिहून दाखवलं होतं. याच मॉरिसचा किडा नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटभर पसरला. पसरण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यांत या 'आपल्या माणसां'च्या याद्याही होत्या. आणि १९९४ च्या नाताळच्या दिवशी सुरक्षातज्ज्ञ त्सुतोमु शिमोमुरा यांच्याच यंत्रात घुसखोरी झाली. तिथे वापरलेली युक्ती हीच, पत्त्याच्या बतावणीची. नऊ वर्षं ती छापील स्वरूपात सगळ्यांसमोर होती.

हेलसिंकी, १९९५

फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने सूचना काढली: घुसखोर नेटवर्कवरची वाहतूक चोरून ऐकत आहेत आणि हजारो यंत्रांत शिरण्याची माहिती त्यांच्या हाती लागली आहे. ऐकण्यासाठी फार हुशारी लागत नव्हती. मोक्याच्या जागी असलेलं एक यंत्र ताब्यात घ्यायचं, तिथून जाणारं सगळं वाचायचं, त्यातली पासवर्डची अक्षरं बाजूला काढायची.

पुढच्या वर्षी ही वेळ हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठावर आली. तिथल्या मुख्य नेटवर्कला जोडलेल्या एका सर्व्हरवर पासवर्ड टिपणारा प्रोग्राम सापडला. त्यात हजारो नावं आणि पासवर्ड जमा झाले होते. विद्यापीठात संशोधक असलेल्या टाटू यलोनेन यांनी टेलनेट, आरलॉगिन आणि फाइल पाठवायच्या एफटीपीला पर्याय लिहायला घेतला. नाव ठेवलं सिक्युअर शेल, म्हणजे एसएसएच.

जुलै १९९५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याआधी त्यांनी इंटरनेटचे क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला ईमेल करून पोर्ट क्रमांक २२ मागितला. एफटीपीचा क्रमांक २१, टेलनेटचा २३ आणि मधला २२ मोकळा होता. दुसऱ्या दिवशी तो मिळालाही. आज जगभरचे सर्व्हर ज्या दारावर पहारा देतात, त्या दाराचा नंबर असा एका ईमेलवर मिळालेला आहे. वर्ष संपेपर्यंत सुमारे ५० देशांत २०,००० लोक एसएसएच वापरत होते.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मोडेमवरून फोन लावायचा आणि दूरच्या युनिक्स यंत्रावर 'शेल अकाउंट'मध्ये लॉगिन करायचं, अशी बऱ्याच जणांची सुरुवात झाली. म्हणजे मुंबईतल्या पहिल्या पिढीला इंटरनेट भेटलं तेच मुळी दूरच्या यंत्रावरचं लॉगिन म्हणून.

फिनलंडमधल्या एका माणसाने काही महिन्यांत लिहिलेला प्रोग्राम एवढा का पसरला? त्यामागचं गणित नवीन नव्हतं. अनोळखी दोघांना उघड्या वाटेवर सामाईक गुपित तयार करता येतं, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं. आरएसए पद्धत १९७८ मध्ये छापून आली. सुरक्षित लॉगिनची तयार यंत्रणाही होती: एमआयटीत घडलेली कर्बेरॉस. एक कारण कायद्याचं. अमेरिकेत तेव्हा एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर देशाबाहेर पाठवणं शस्त्रं निर्यात करण्यासारखं मानलं जायचं आणि फिनलंडमधून लिहिणाऱ्याला ती अडचण नव्हती. पण माझ्या मते हे दुय्यम कारण. मुख्य कारण वेगळं आहे आणि तेच माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचं म्हणणं आहे.

कर्बेरॉस उभं करायचं तर संस्थेने ठरवावं लागायचं: मध्यवर्ती सर्व्हर, प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक माणसाची नोंद. सुरक्षित ईमेलसाठीची पेम नावाची योजनाही तेव्हा कागदावर तयार होती. तिला तर एकाच मुळापासून फांद्या फुटाव्यात तशी जगभरच्या प्रमाणपत्रांची उतरंड हवी होती. ती उतरंड कधी उभीच राहिली नाही, आणि पेम तिच्याबरोबर बुडाली. एसएसएचने यातलं काहीच मागितलं नाही. एखाद्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने दुपारी ते आणावं, आपल्या यंत्रावर बसवावं आणि संध्याकाळी टेलनेट बंद करावं. वर कोणाची परवानगी नको, बैठक नको.

पण ही सोय फुकट नव्हती. मध्यवर्ती नोंद नाही, तर समोरचं यंत्र खरं कोणतं हे सांगणार कोण? एसएसएचचं उत्तर: पहिल्या भेटीत जी किल्ली दिसेल ती खरी धरा, लिहून ठेवा. पुढच्या वेळी तीच दिसली तर ठीक, वेगळी दिसली तर बोंब मारा.

अशोकवनातली अंगठी

इथे एक गल्लत होते. ती माझीही झाली होती. एन्क्रिप्शन म्हणजे ओळख नव्हे. दोघांचं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही एवढीच हमी एन्क्रिप्शन देतं. पलीकडचा कोण, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

घरी हे समजावताना मला आईने सांगितलेलं सुंदरकांड कामी आलं. अशोकवनात मारुती सीतेशी अगदी हळू आवाजात बोलला, राक्षसिणींना ऐकू गेलं नाही. म्हणजे गुप्तता साधली. पण सीतेचा संशय त्याने फिटला नाही. हा वेष पालटून आलेला रावणच असेल तर? एकदा साधूचा वेष पाहून ती फसलेली होती. तिची खात्री पटली ती मारुतीने रामाच्या खुणा सांगितल्या आणि रामाची अंगठी दिली तेव्हा. ती अंगठी तिने आधी पाहिलेली होती. लंकेबाहेरून, वेगळ्या वाटेने आलेली ती खूण होती.

एसएसएचच्या पहिल्या जोडणीत हळू आवाज असतो, अंगठी नसते. मध्येच कोणी बसला असेल तर तो माझ्याशी एक गुप्त वाट तयार करील आणि खऱ्या सर्व्हरशी दुसरी. दोन्ही वाटा गणिताच्या दृष्टीने अभेद्य, आणि दोन्हींच्या मधोमध तो. मी पासवर्ड टाइप केला की तो आधी त्याच्या हातात पडेल. हे पुस्तकी भय नव्हतं. २००० मध्ये डग साँग यांनी डीस्निफ या आपल्या संचात एसएसएचच्या पहिल्या आवृत्तीविरुद्ध नेमकं हेच करणारं साधन देऊन टाकलं.

एसएसएच लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं का? पूर्ण माहीत होतं. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत कागदपत्रं जानेवारी २००६ मध्ये निघाली. पहिल्या भेटीत किल्ली न तपासता जोडणी करू देण्याची मुभा त्यांत आहे आणि तिचं कारणही दिलं आहे. अशी जोडणी सहसा होऊ देऊ नये, असंच ती म्हणतात. पण किल्ल्यांची खात्री देणारी व्यवस्था इंटरनेटवर अजून सर्वत्र नाही, ती येईपर्यंतच्या संक्रमणकाळात या मुभेमुळे काम चालेल आणि टेलनेटपेक्षा तर हे पुष्कळच बरं.

प्रामाणिक वाक्य आहे. पण 'संक्रमणकाळ' हा शब्द वाचून मी थांबले होते. आपल्याकडे रस्त्यावर 'तात्पुरता वळणमार्ग' अशी पाटी लागते आणि चार पावसाळ्यांनंतर तोच रस्ता होऊन बसतो, तसं हे झालं. ती व्यवस्था सगळीकडे आलीच नाही. तो संक्रमणकाळ अजून चालू आहे आणि मी 'यस' म्हणते ती त्या वळणमार्गावर.

यंत्रं जन्मू-मरू लागली

तरीही १९९५ च्या जगात हा सौदा वाईट नव्हता. सर्व्हर म्हणजे खोलीतला एक लोखंडी डबा. तो पाच-सात वर्षं तिथेच असायचा. आयुष्यात एकदा 'यस' म्हणायचं, पुढे हजार वेळा आपोआप तपासणी. धोका फक्त पहिल्या क्षणाचा.

दरम्यान एसएसएचची मोफत आवृत्तीही पक्की झाली. मूळ प्रोग्रामचे परवाने कडक होत गेल्यावर १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी जुन्या मोकळ्या आवृत्तीपासून ओपनएसएसएच तयार केलं. आज बहुतेक सर्व्हरवर तेच असतं. आणि त्याच सुमारास व्हर्च्युअल मशीनचा दुसरा जन्म झाला. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये साध्या पीसीवर ती चालवून दाखवली, २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून झेन आलं आणि ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने झेनच्या जोरावर ईसी२ ही सेवा सुरू केली. यंत्र तासाच्या भाड्याने मिळू लागलं.

तारखा शेजारी ठेवून बघा. जानेवारी २००६ मध्ये 'पहिली भेट क्वचितच होते' या गृहीतकावर अधिकृत शिक्का बसला. ऑगस्ट २००६ मध्ये ते गृहीतक मोडायला लागलं. आता यंत्र सकाळी जन्मतं आणि दुपारी मिटतं. प्रत्येक भेट पहिलीच.

यात एक गमतीचं असंतुलन आहे. क्लाउडमध्ये यंत्र सुरू करताना तुमची पब्लिक की त्याच्या पोटात आपोआप टाकली जाते. त्यामुळे तुम्ही कोण हे यंत्राला जन्मतःच पक्कं ठाऊक असतं. उलट दिशेला काय? यंत्र पहिल्यांदा उठताना आपली ओळख-किल्ली स्वतः बनवतं आणि तिचा ठसा सुरुवातीच्या कन्सोल-नोंदींत छापतं. तिथे जाऊन तो वाचायचा आणि ताडून बघायचा, ते काम माणसाचं. अंगठी असते, पण ती खिडकीत ठेवलेली असते आणि खिडकीशी कोणी जात नाही.

किल्ली जन्मताना तिचं नशीबही तपासावं लागतं, कारण ती ज्या यादृच्छिक आकड्यांतून बनते ते आकडे यंत्राला कुठून तरी मिळावे लागतात. मे २००८ मध्ये उघडकीला आलं, की डेबियन लिनक्समध्ये २००६ साली झालेल्या एका चुकीच्या दुरुस्तीमुळे हा साठा जवळपास रिकामाच होता. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या होत्या. कोणीही बसून सगळ्या किल्ल्या आधीच तयार करून ठेवू शकत होतं. २०१२ मध्ये नाडिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या गोळा करून तपासल्या, तर एक टक्क्याहून अधिक एसएसएच यंत्रांच्या खाजगी किल्ल्या त्यांना बाहेर बसून काढता आल्या. त्यांत मुख्यतः राउटरसारखी छोटी उपकरणं होती, पण दुखणं तेच: नुकत्याच उठलेल्या यंत्राजवळ पुरेशी यादृच्छिकता नसते.

व्हर्च्युअल मशीनला यात आणखी दोन विकार जडतात. पहिला स्नॅपशॉटचा. मशीन जुन्या क्षणापासून पुन्हा सुरू केली, की तेच 'यादृच्छिक' आकडे दुसऱ्यांदा वापरले जाऊ शकतात. रिस्टनपार्ट आणि यिलेक यांनी २०१० मध्ये यावरून वेब सर्व्हरची खाजगी किल्ली निसटू शकते हे दाखवलं. दुसरा नकलेचा. एक मशीन नीट लावायची, तिची प्रतिमा काढायची आणि त्यातून पन्नास मशीन उठवायच्या. प्रतिमा काढण्याआधी ओळख-किल्ली पुसायला विसरलात, तर पन्नासही मशीनचा ठसा एकच. एका मशीनचा मालक बाकी एकोणपन्नास असल्याचं सोंग आणू शकतो.

लांडगा आला रे

आता माझ्या प्रयोगशाळेतली गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमची व्हर्च्युअल मशीन पुन्हा नव्याने उभारली गेली. पत्ता तोच, किल्ली नवी. सगळ्यांच्या स्क्रीनवर चौकटीतला तो मोठा इशारा आला, की समोरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कोणी तरी घात करत असू शकतं. आम्ही काय केलं? भिंतीवर चिकटवलेल्या कागदात लिहिलं होतं तसं केलं: जुनी नोंद पुसायची, पुन्हा जोडायचं, यस म्हणायचं. खरंच निरुपद्रवी होतं ते.

सहा महिन्यांनी परत इशारा आला. ज्युनिअरने परत तेच केलं. या वेळी मशीनचा पत्ता बदलला होता आणि जुना पत्ता दुसऱ्याच गटाच्या मशीनला दिला गेला होता. त्याने आपला पासवर्ड तीनदा एका परक्या यंत्राला सांगितला. "चुकीचा पासवर्ड" असं उत्तर येत राहिलं तेव्हा कुठे शंका आली. त्या मशीनने तो साठवला नसेल. साधा सर्व्हर साठवत नाही. पण साठवायचं कोणी ठरवलं असतं तर दोन ओळींचं काम होतं. आणि त्याच पासवर्डने माझ्या मुलाखतींचं फोल्डर उघडत होतं.

त्याचा दोष नव्हता. नऊ वेळा इशारा खोटा निघाला की दहाव्या वेळी कोणी बघत नाही. गोष्टीतल्या मुलाला आपण खोटारडा म्हणतो. पण इथे ओरडणारा खोटं बोलत नव्हता. ओळख खरंच बदलली होती. यंत्रंच इतकी बदलू लागली, की 'बदल' आणि 'घात' यांतला फरक इशाऱ्याला सांगता येईना.

मोठ्या प्रमाणावर हे मार्च २०२३ मध्ये दिसलं. गिटहबची आरएसए ओळख-किल्ली चुकून थोडा वेळ सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी पडली. २४ मार्चला त्यांनी ती बदलली. ती किल्ली वापरणाऱ्या जगभरच्या प्रोग्रामरांना तोच भीतिदायक इशारा दिसला आणि या वेळी त्याचं खरं कारण होतं. गिटहबने नवा ठसा आपल्या संकेतस्थळावर जाहीर केला, म्हणजे अंगठी वेगळ्या वाटेने पाठवली. पण ती पाहून मग नोंद बदलणारे किती आणि इशारा आला म्हणून हाताच्या सवयीने पुसून मोकळे झालेले किती, याचा अंदाज तुम्ही स्वतःच्या बोटांवरून करा.

मग मी काय केलं

सादरीकरणानंतरच्या सोमवारी मी विभागाच्या सिस्टिम सांभाळणाऱ्या दादांकडे गेले. "दादा, मशीनचा ठसा बघायचाय," म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे मागायला आलेली मी पहिलीच. मग त्यांनी हायपरव्हायजरचं कन्सोल उघडलं. ही मशीनकडे जाणारी नेटवर्कपलीकडची वाट. जुन्या तारेची आजची वारसदार. तिथे ठसा काढला आणि चार-चार अक्षरं वाचत आम्ही माझ्या लॅपटॉपवरच्या नोंदीशी ताडला. जुळला. माझा 'यस' खरा निघाला, पण तो नशिबाने खरा होता.

बाकीचं त्याच बैठकीत केलं. पासवर्डने लॉगिन बंद, फक्त किल्लीने. एसएसएचच्या दुसऱ्या आवृत्तीत किल्लीची सही त्या विशिष्ट जोडणीपुरती बांधलेली असते, त्यामुळे मध्ये बसलेला ती उचलून खऱ्या सर्व्हरकडे वापरू शकत नाही. ज्युनिअरने किल्ली वापरली असती तर परक्या मशीनच्या हाती काहीच लागलं नसतं. मशीनचं पोर्ट २२ बाहेरच्या जगाला बंद केलं. आता विभागाच्या एका पहारेकरी यंत्रावरूनच आत जाता येतं. नकला काढण्याच्या प्रतिमेतून ओळख-किल्ल्या पुसल्या. आणि भिंतीवरचा तो कागद मी फाडला.

कायमचा उपायही आहे. ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून प्रमाणपत्रांची सोय आहे. विभागाने एकच मुख्य किल्ली ठेवायची, जन्मणाऱ्या प्रत्येक मशीनच्या किल्लीवर तिने सही करायची. आपण एका मुख्य किल्लीची ओळख करून घेतली की मशीन कितीही येवोत-जावोत, प्रश्नच येत नाही. मोठ्या कंपन्या हे करतात. लहान विभागांत होत नाही, कारण त्यासाठी कोणीतरी ठरवावं लागतं, ती मुख्य किल्ली सांभाळावी लागते, बैठक घ्यावी लागते. म्हणजे १९९५ मध्ये एसएसएचने जे टाळून जग जिंकलं, नेमकं तेच. दादा म्हणाले, "अर्ज द्या, बघू." अर्ज दिला आहे.

प्रबंधासाठी मी ओपनएसएसएचच्या आवृत्त्यांच्या नोंदी वाचत होते, तेव्हा २०१९ मधला एक छोटा बदल सापडला. त्या प्रश्नाला तोवर दोनच उत्तरं होती, यस आणि नो. आता तिसरंही चालतं: दुसऱ्या वाटेने मिळवलेला ठसा तिथे चिकटवायचा. जुळला तर जोडणी होते, नाही तर होत नाही. त्रेचाळीस अक्षरं डोळ्यांनी वाचायला नकोत.

पुढच्या सादरीकरणात मॅडमनी पुन्हा विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. या महिन्यात नव्या मुलाखतींसाठी दुसरी मशीन मिळाली. दादांनी कन्सोलवरून ठसा काढून कागदावर छापून दिला. मी प्रश्नासमोर 'यस' लिहिलं नाही.